पंधरा मिनिटांची भेट

दारू सोडू पाहणाऱ्यांच्या मीटिंगला पहिल्यांदा आलेला माणूस बहुधा दारातच घुटमळतो. आत गेलो की पुन्हा उपदेश ऐकावा लागणार, ही त्याची धास्ती. घरच्यांचा ऐकून झालेला असतो, डॉक्टरांचा झालेला असतो, साहेबांचाही. आत बसल्यावर मात्र त्याला दिसतं की इथे जो तो फक्त स्वतःची गोष्ट सांगतो आहे. ही रीत कुणा तज्ज्ञाने आखलेली नाही. ती एका माणसाच्या अपयशातून निघाली.

बिल विल्सन न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातला. दारूपायी धंदा आणि पत दोन्ही घालवून डिसेंबर १९३४ मध्ये तो पुन्हा एकदा टाउन्स हॉस्पिटलात दाखल झाला. एबी थॅचर हा त्याच्याबरोबर प्यायला बसणारा जुना मित्र काही दिवस आधी त्याला भेटून गेला होता. ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती मंडळींच्या आधाराने एबीने दारू थांबवली होती. आता बिलचीही थांबली. मग तो भेटेल त्या दारुड्याला आपल्याला झालेला साक्षात्कार ऐकवत सुटला. जवळजवळ सहा महिने गेले, एकही टिकला नाही. प्रवचनं थांबव, आधी हा आजार काय आहे ते सांग, असं टाउन्स हॉस्पिटलातले डॉ. सिल्कवर्थ यांनी त्याला बजावलं. त्याची बायको लोइस हिने दुसरीच गोष्ट त्याच्या ध्यानात आणून दिली: दुसरं कुणी सुधारलं नसेल, पण या काळात बिल स्वतः प्यायला नव्हता.

मे १९३५. कामासाठी ओहायोतल्या ॲक्रन शहरी गेलेल्या बिलचा व्यवहार फसला. मेफ्लॉवर हॉटेलच्या लॉबीत तो एकटाच उभा होता आणि बारमधले आवाज कानावर येत होते. आपण आता पिणार, याची त्याला भीती वाटली. तिथल्या यादीतून त्याने एका चर्चचा नंबर काढला आणि विचारलं, इथे कुणी दारुडा आहे का ज्याच्याशी मला बोलता येईल? माझ्या मते मीटिंगचं मूळ या फोनमध्ये आहे. कुणाला वाचवायला त्याने तो केला नव्हता. स्वतः वाचायला केला होता.

एकातून दुसरा नंबर मिळत तो हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंपर्यंत पोचला. १२ मे रोजी त्यांच्या घरी सर्जन डॉ. बॉब स्मिथ आले, पंधरा मिनिटांच्या बोलीवर. बसले सहा तासांच्या वर. बिलने उपदेशाचा शब्द काढला नाही. आपण कसे प्यायलो, कसे खोटं बोललो, एवढंच सांगितलं. डॉक्टरांना दारूविषयी सांगणारे खूप भेटले होते. स्वतःच्या अनुभवातून त्यांचीच भाषा बोलणारा हा पहिलाच.

तरीही डॉक्टर घसरले. काही आठवड्यांनी अटलांटिक सिटीतल्या वैद्यकीय परिषदेला गेले आणि प्यायले. परतल्यावर बिल आणि डॉक्टरांच्या पत्नी ॲन यांनी त्यांना सावरलं. पुढे शस्त्रक्रियेच्या दिवशी हात थरथरू नयेत म्हणून बिलनेच त्यांना बिअरची बाटली दिली. ती शेवटची. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर तासन्‌तास घरी आले नाहीत. ज्यांचं देणं होतं, ज्यांना दुखावलं होतं, अशांच्या दारी ते फिरत होते. तो दिवस, १० जून १९३५, अल्कोहोलिक्स अनॉनिमसचा स्थापना दिन मानतात. घसरण या कथेत पहिल्यापासून आहे. म्हणूनच पिऊन परत आलेल्या माणसाला ग्रुप हाकलत नाही.

लगेच दोघे ॲक्रनच्या हॉस्पिटलात एका वकिलाच्या खाटेशी जाऊन बसले आणि तो तिसरा झाला. १९३९ मध्ये ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ हे पुस्तक निघालं, त्याचंच नाव संघटनेला चिकटलं. मार्च १९४१ मध्ये सॅटरडे ईव्हनिंग पोस्टमध्ये संघटनेवर लेख आला आणि सुमारे दोन हजार सदस्यांचे वर्षअखेर आठ हजार झाले.

असं वाढणं धोक्याचं असतं. १८४० मध्ये बाल्टिमोरच्या एका गुत्त्यात सहा पिणाऱ्यांनी वॉशिंग्टोनियन मंडळ काढलं होतं. तिथेही एकमेकांना आपबीती सांगत. लाखो माणसं आली, मग दारूबंदी आणि राजकारणाच्या वादांत ते मंडळ दशकभरात विरलं. बिलने त्याचा अभ्यास केला. बाहेरच्या वादात पडायचं नाही, बाहेरचा पैसा घ्यायचा नाही, आणि यायला दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट, हे नियम पुढे १९५० च्या क्लीव्हलंड अधिवेशनात सर्वांनी मान्य केले.

महाराष्ट्रात या रीतीला घरचं रूप देण्यात पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचा वाटा मोठा. डॉ. अनिता अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी ते सुरू केलं. व्यसनी माणसाच्या बायकोलाही बोलायला जागा हवी, हे तिथे ओळखलं गेलं. त्यातून सहचरी गट आला.

मीटिंग शोधणाऱ्याने एवढं जाणून घ्यावं. बंद मीटिंगला फक्त दारू सोडू इच्छिणारे बसतात, खुल्या मीटिंगला कुणीही. फी नाही. पहिल्या दिवशी बोललंच पाहिजे असं नाही, नुसतं ऐकलं तरी चालतं. एक ग्रुप रुचला नाही तर दुसऱ्यात जावं. आणि पिणारा माणूस यायला तयार नसला, तरी त्याच्या बायकोने, आईने अडून राहू नये: लोइस विल्सन यांनी १९५१ मध्ये उभ्या केलेल्या अल-अनॉनच्या मीटिंगा घरच्यांसाठीच असतात.