मीटरवर १२ व्होल्ट, तरी गाडी सुरू का होत नाही? समजून घ्या थेवेनिनचं प्रमेय

गाडीची बॅटरी जुनी झालीये. मल्टिमीटर लावला तर १२ व्होल्ट दिसतात. पण स्टार्टर मारला की नुसता 'टक्' आवाज येतो आणि हेडलाइट मंद होतो. मग मीटर खोटं बोलतो का? नाही. उत्तर आहे थेवेनिनच्या प्रमेयात.

हे प्रमेय काय सांगतं?

फ्रान्सचे टेलिग्राफ इंजिनिअर लिऑन शार्ल थेवेनिन यांनी ते १८८३ मध्ये मांडलं. त्याआधी १८५३ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनीही हेच दाखवलं होतं. बॅटऱ्या आणि रेझिस्टरचं सर्किट कितीही गुंतागुंतीचं असो, बाहेरच्या दोन टोकांवरून पाहिलं तर ते फक्त एक व्होल्टेज आणि त्याला सिरीजमध्ये जोडलेला एक रेझिस्टन्स असल्यासारखं वागतं.

मग बॅटरीत काय होतं?

समजा, बॅटरीचं व्होल्टेज १२.६ आणि आतला रेझिस्टन्स ०.०२ ओहम आहे. स्टार्टरने १५० अँपिअर करंट ओढला तर ३ व्होल्ट आतच खर्च होतात, बाहेर ९.६ उरतात. बॅटरी जुनी झाली की हा रेझिस्टन्स वाढतो आणि स्टार्टरला पुरेसं व्होल्टेज मिळत नाही. मीटर मात्र जवळपास करंट ओढतच नाही, म्हणून त्याला ही घट दिसत नाही.

सर्किट बनवताना फायदा काय?

१२ व्होल्टचे ६ करायला अनेक विद्यार्थी १०-१० किलोओहमचे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये लावतात आणि मधून तार काढतात. थेवेनिनच्या हिशोबाने हे सर्किट म्हणजे ६ व्होल्ट आणि ५ किलोओहम. आता ५ किलोओहमचा लोड जोडला तर त्याला ३ व्होल्ट मिळतात, १ किलोओहमचा जोडला तर फक्त १. म्हणूनच अशा जोडणीवर मोटर फिरत नाही. लोड बदलला तरी अख्खं सर्किट पुन्हा सोडवावं लागत नाही, एका ओळीत उत्तर मिळतं.

मर्यादा कोणत्या?

व्होल्टेज दुप्पट केल्यावर करंटही दुप्पट होतो, अशाच सर्किटला हे प्रमेय थेट लागू पडतं. आत डायोड किंवा ट्रान्झिस्टर असेल तर ते फक्त छोट्या बदलांपुरतं वापरता येतं. शिवाय मूळ सर्किटमध्ये किती उष्णता तयार होते, हेही त्यातून कळत नाही.

थोडक्यात, बॅटरी तपासायची तर नुसतं व्होल्टेज पाहू नका, लोड देऊन तपासा.