बाळंतिणीच्या रुग्णालयीन वास्तव्याचा भार : मुंबई प्रसूती लाभ कायदा (१९२९) ते जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम (२०११)

प्रस्तावना

बाळंतिणीला सव्वा महिना विश्रांती द्यावी, हा संकेत मराठी समाजात पूर्वापार रूढ आहे. माहेर, सुईण आणि शेक-शेगडी यांवर उभी असलेली ही व्यवस्था कुटुंबाच्या खर्चाने चालत असे. गिरणी-कारखान्यांत राबणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत मात्र विश्रांती म्हणजे मजुरी बुडणे होते. पुढे प्रसूती घरातून रुग्णालयात गेली, तेव्हा खाट, औषध व आहार यांच्या खर्चाची त्यात भर पडली. हा भार कोणी उचलावा, या प्रश्नाला मिळत गेलेल्या उत्तरांचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

मालकाचे दायित्व

१९१९ साली वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने प्रसूती-संरक्षणाचा करार संमत केला. ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात मांडलेले विधेयक मात्र संमत झाले नाही. १९२८ साली हा विषय मुंबई विधिमंडळापुढे आला. २८ जुलै १९२८ रोजी विधेयकास पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मातेची विश्रांती हा राष्ट्रहिताचा विषय असून हा भार मुख्यत्वे सरकारने वाहावयास हवा, हे मान्य केले. तथापि तशी सोय नसताना स्त्रीच्या श्रमाचा लाभ घेणाऱ्या मालकाने तो द्यावा, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ चा मुंबई कायदा हा या स्वरूपाचा भारतातील पहिला कायदा ठरला. प्रसूतीनंतरच्या चार आठवड्यांत स्त्रीला कामावर घेण्यास त्याने मनाई केली. त्याचा मुख्य भर मात्र बुडालेल्या मजुरीच्या भरपाईवर होता. शिवाय लाभाची रक्कम थेट मालकाच्या खिशातून जाणार असल्याने स्त्रियांना कामावर न घेण्याची प्रवृत्ती बळावण्याचा धोका त्यात होता.

वर्गणीवर आधारित विमा

प्रा. बी. पी. अदारकर यांच्या १९४४ च्या अहवालाने या कोंडीतून वाट दाखविली. त्यातून आकारास आलेल्या १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने मालक व कामगार यांच्या वर्गणीतून सामायिक निधी उभा केला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. विमाधारक स्त्रीला १२ आठवड्यांचा रोख लाभ आणि वैद्यकीय सेवा असे दोन्ही हक्क प्राप्त झाले. परंतु ही योजना संघटित उद्योगांपुरती सीमित राहिली. शेतमजूर, मोलकरीण वा बांधकामावरील स्त्री तिच्या कक्षेबाहेरच होती.

२००८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेने दारिद्र्यरेषेखालील कुटुंबास वार्षिक ३०,००० रुपयांचे संरक्षण दिले व त्यात प्रसूतीचाही अंतर्भाव केला. तथापि उपचारागणिक ठरावीक रक्कम देण्याच्या पद्धतीत मुक्काम लांबला तरी रुग्णालयाचे उत्पन्न वाढत नाही. बाळंतिणीस लवकर घरी धाडण्याचा मोह या रचनेतच दडलेला असतो.

शासनाचे दायित्व

१२ एप्रिल २००५ रोजी सुरू झालेल्या जननी सुरक्षा योजनेने रुग्णालयातील प्रसूतीस रोख साहाय्य दिले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील संस्थात्मक प्रसूतींचे प्रमाण २००५-०६ मधील ३८.७ टक्क्यांवरून २०१५-१६ मध्ये ७८.९ टक्क्यांवर गेले. परंतु दाखल होणे आणि पुरेसा काळ थांबणे या भिन्न गोष्टी होत. अतिरक्तस्राव बहुधा पहिल्या २४ तासांत उद्भवत असल्याने किमान ४८ तासांचे वास्तव्य आवश्यक मानले जाते. १ जून २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने शासकीय संस्थांत प्रसूती, औषधे व घरी परतण्याचे वाहन निःशुल्क केले. त्याचबरोबर नैसर्गिक प्रसूतीनंतर तीन, तर शस्त्रक्रियेनंतर सात दिवसांपर्यंतचा आहारही मोफत केला. घरचा डबा पोहोचविणारे कोणी नसलेल्या स्त्रीच्या दृष्टीने ही तरतूद निर्णायक ठरते.

निष्कर्ष

मालक, सामायिक निधी व शासन असा हा भार टप्प्याटप्प्याने सरकत गेला. कायद्याने विश्रांतीचे आठवडे आधी मोजले. खाटेवरचे दिवस फार उशिरा मोजले. १९२८ साली तत्त्व म्हणून मान्य झालेले शासनाचे दायित्व रुग्णालयीन वास्तव्यापुरते प्रत्यक्षात येण्यास आठ दशकांहून अधिक काळ लागला आणि तेही शासकीय रुग्णालयाच्या दारापर्यंतच. असंघटित क्षेत्रातील स्त्रीच्या बुडणाऱ्या मजुरीचा प्रश्न मात्र त्या खाटेजवळ सुटला नाही. विश्रांती आणि उपचार यांचा एकत्रित विचार झाल्याखेरीज हे उत्तर पूर्ण होणार नाही.