ट्रॅक्टरची बखर

आमच्या जुन्नर तालुक्यात इतिहास जरा जास्तच आहे. शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला, नाणेघाटात सातवाहनांच्या नागनिका राणीने शिलालेख कोरवला, आणि डोंगरांत इतकी लेणी आहेत की गुराख्याला पावसाने गाठले तर तो दोन हजार वर्षांपूर्वीच्या आडोशाला जाऊन बिडी ओढतो. अशा मुलखात पन्नास वर्षांच्या वस्तूला कोणी ऐतिहासिक म्हणत नाही. तिला भंगार म्हणतात. आमच्या ट्रॅक्टरला सगळे गाव तेच म्हणत होते, आणि भंगारवाला तर वजनकाटा घेऊनच दोनदा येऊन गेला होता.

आता खरे सांगायचे तर किल्ल्यांनी आणि लेण्यांनी आमच्या घरात काही फरक पाडला नाही. ट्रॅक्टरने पाडला. पण बखरी लिहिणाऱ्यांना हत्ती-घोड्यांचे कौतुक. तेव्हा ही बखर आम्हीच लिहायला घेतली आहे.

आपल्या देशात ट्रॅक्टर मोठ्या संख्येने आला तो महायुद्धाचा उरलेला माल म्हणून. अमेरिकन लष्कर इथून गेले तेव्हा त्यांची बरीच यंत्रे मागे राहिली. ती दुरुस्त करून सरकारने सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन नावाचे खाते काढले आणि मध्य भारतातल्या कांस गवताने खाल्लेल्या जमिनी नांगरायला सुरुवात केली. १९४९ साली भारताने जागतिक बँकेकडून पहिले कर्ज काढले ते रेल्वेसाठी आणि त्यामागोमाग दुसरे, एक कोटी डॉलरचे, या शेतीयंत्रांसाठी. म्हणजे कर्ज काढून ट्रॅक्टर घेण्याची प्रथा आमच्या आजोबांनी पाडली असा जो आरोप घरात होतो, त्यात तथ्य नाही. ती दिल्लीनेच घालून दिली होती.

पुढे १९५९ मध्ये फरीदाबादला आयशरचा ट्रॅक्टर देशात तयार होऊ लागला. १९६३ मध्ये महिंद्र, व्होल्टास आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर या तिघांनी मिळून मुंबईत इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी काढली. तिचा बी-२७५ हा तांबडा ट्रॅक्टर म्हणजे आमचे चरित्रनायक. कंपनी अमेरिकन, आराखडा इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डचा, जन्म मुंबईचा आणि स्वभाव पूर्णपणे बेल्ह्याचा. सकाळी थंडीत हीटर प्लग तापवून दोन मिनिटे वाट पाहिल्याशिवाय तो हूं की चूं करत नसे. आमचे आजोबाही चहाशिवाय बोलत नसत, त्यामुळे दोघांचे जमले.

पण तो मिळणे सोपे नव्हते. ट्रॅक्टर कमी आणि गिऱ्हाईक फार, म्हणून सरकारने १९६७ मध्ये त्याच्या किमतीवर नियंत्रण आणले होते. ते १९७४ पर्यंत राहिले. परिणाम व्हायचा तोच झाला. किंमत कागदावर स्वस्त राहिली आणि ट्रॅक्टर कागदावरच राहिला. आजोबांनी पैसे भरून नंबर लावला तेव्हा तात्या, म्हणजे माझे धाकटे चुलते, लग्नाचे होते. नंबर आला तेव्हा त्यांची थोरली मुलगी चालायला लागली होती.

घरातून विरोध होता तो आजीचा. "लोखंडाच्या वजनानं जमीन दडपती, आणि धुराचा वास दाण्याला लागतो," हे तिचे म्हणणे. आम्ही पोरे हसायचो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमिनीत विष कालवते म्हणून सुरुवातीला कोणी तो घ्यायला तयार नव्हते. आजी त्याच परंपरेतली, असे आम्ही समजत होतो. आता कृषी महाविद्यालयांत शिकवतात की जड यंत्रे वारंवार फिरवली की खालचा थर दडपतो, पाणी मुरत नाही, मुळे खाली जात नाहीत. म्हणजे दाण्याच्या वासाचे सोडले तर म्हातारी बरोबर होती. फक्त तिने इंग्रजीत निबंध लिहिला नव्हता.

भूविकास बँकेचे कर्ज काढून कमी पडलेले पैसे खिलार बैलजोडी विकून उभे केले. बेल्ह्याचा सोमवारचा बैलबाजार आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. आजोबा जोडी घेऊन गेले आणि हातात नुसते दोन कासरे घेऊन परत आले. त्या दिवशी आजीने चूल पेटवली, सगळ्यांना वाढले आणि स्वतः जेवली नाही. ते कासरे तिने पुढे ट्रॅक्टरच्या हुकाला बांधून ठेवले. का, ते कोणी विचारले नाही.

ट्रॅक्टर आला १९७२ च्या दसऱ्याला. ज्यांना ते साल आठवत असेल त्यांच्या लक्षात आलेच असेल. पाऊस नाही, विहिरी तळाला, माणसे खडी फोडायला आणि पोरे सुकडीच्या रांगेत. नांगरायला शेत होते, पेरायला ओल नव्हती. ज्या यंत्राने हरितक्रांती करायची त्याने पहिले वर्ष दुष्काळी कामावरचे दगड आणि पाण्याच्या टाक्या ओढण्यात काढले. कर्जाचा पहिला हप्ता त्या दगडांतून गेला. तात्या तेव्हा पस्तिशीचे. वर्षभर त्यांनी चपला काढल्याशिवाय ट्रॅक्टरवर पाय ठेवला नाही.

नंतर कुकडीचे पाणी आले, ऊस आला, कांदा आधीपासून होताच, नारायणगावला टोमॅटोचा बाजार वाढला, आणि उसात बिबट्याही राहायला आला. या सगळ्या स्थित्यंतरात आमचा ट्रॅक्टर नांगरणीपासून नवरदेवापर्यंत सर्व काही वाहत होता. त्याचे तपशील देत नाही. ज्यांच्या घरी ट्रॅक्टर होता त्यांना ते ठाऊक आहेत आणि ज्यांच्या घरी नव्हता त्यांनी तो मागून नेला होता.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. १९८३ च्या उन्हाळ्यात शेजारच्या शिवारात एक जण बाभळीचे खोड ट्रॅक्टरने उपटत होता. साखळी त्याने खालच्या हुकाला न लावता वर, धुऱ्याच्याही वर अडकवली. खोड हलले नाही, मागची चाके जागेवर रुतली आणि पुढची उचलली. ट्रॅक्टर मागे उलटायला दीड सेकंद लागतो. उडी मारायची हे मनात यायलाच तेवढा वेळ जातो. त्याला खालून काढायला गेलेल्यांत तात्या होते. स्वीडनने १९५९ सालीच नव्या ट्रॅक्टरवर चालकाच्या डोक्यावरून जाणारी लोखंडी चौकट सक्तीची केली होती आणि तिथे असे मृत्यू झपाट्याने कमी झाले. आमच्या शिवारात ही बातमी पोचली नव्हती. त्या दिवसानंतर तात्यांनी एकाही पोराला मडगार्डवर बसू दिले नाही. आम्ही त्यांना भित्रे म्हणायचो.

१९९४ मध्ये वाटण्या झाल्या. जमीन तिघांत वाटली गेली, विहिरीचे पाणी वारावर वाटले गेले, पाटा एकाकडे आणि वरवंटा दुसऱ्याकडे गेला. ट्रॅक्टर वाटता आला नाही. तो सामाईक राहिला, म्हणजे त्याच्या दुरुस्तीला पैसे कोणी द्यायचे हा प्रश्न सामाईक राहिला. बारभाईच्या कारभारात पुढच्याच वर्षी इंजिन बंद पडले आणि चिंचेखाली ट्रॅक्टर जो उभा राहिला तो सत्तावीस वर्षे. मागच्या चाकातून कडुनिंबाचे रोप वर आले, हत्यारपेटीत कोंबडी अंडी घालू लागली. आम्ही तिघे चुलतभाऊ एकमेकांशी बोलत नव्हतो. कोंबडी मात्र तिन्ही घरी जात होती.

२०२२ साली तात्या पंच्याऐंशीचे झाले आणि एके दिवशी म्हणाले, "त्याचा आवाज एकदा ऐकायचा व्हता." एवढेच. त्यांच्या मुलाने मधल्या घरी निरोप दिला, मधल्याने मला पुण्याला फोन केला. अठ्ठावीस वर्षांनी आलेला तो फोन ट्रॅक्टरबद्दल होता, त्यामुळे कोणालाच मागचे काही बोलावे लागले नाही.

मंचरहून मिस्त्री आले. ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली, पंख्याचा पट्टा हाताने ओढून पाहिला आणि निकाल दिला, "मेला न्हाय. जाम झालाय." सायलेन्सरमधून उंदराचे अख्खे बिऱ्हाड निघाले. त्यांनी चारही नोझल काढून त्या भोकांतून डिझेल आणि ऑईल सोडले आणि आठ दिवस कोणी हात लावायचा नाही अशी ताकीद दिली. माझ्या मधल्या चुलतभावाचे म्हणणे, दुसऱ्या ट्रॅक्टरला बांधून ओढू, गिअरमध्ये टाकू, सुटेल आपोआप. मिस्त्री म्हणाले, "सुटंल की. आतला दांडा वाकून सुटंल." नवव्या दिवशी फ्लायव्हीलच्या दात्यांत टॉमी अडकवून त्यांनी ते बोटभर पुढे, बोटभर मागे असे हलवले. तीन सिलिंडर सुटले. तिसरा काही ऐकेना. म्हणजे इंजिन खोलणे आले, लेथवरचे काम आले आणि ट्रॅक्टर मंचरला नेणे आले.

इथे खरी लढाई सुरू झाली. बेल्ह्याहून मंचर म्हणजे पूर्वेकडून आळेफाट्याला यायचे, तिथून पुणे-नाशिक रस्त्याने दक्षिणेला नारायणगाव, मग आंबेगाव तालुक्यात शिरून कळंब आणि पुढे मंचर. मधला चुलतभाऊ शाळामास्तर. तो म्हणाला, ट्रक कशाला, दोराने ओढत नेऊ. "एडमंड हिलरी १९५८ साली फर्ग्युसन ट्रॅक्टर घेऊन दक्षिण ध्रुवावर पोचला, आणि आपल्याला मंचर होत नाही?"

मिस्त्री शांतपणे म्हणाले, "गुरुजी, त्याच्या वाटंत आळेफाटा नव्हता."

तात्यांनी विचारले, "पण तिकडं नांगरायला काय व्हतं?"

शिवाय ट्रॅक्टरचे कागद संपून जमाना झाला होता आणि आर.सी. बुकावरचे मालक, म्हणजे आजोबा, वारून त्याहून मोठा जमाना. ट्रक ठरला.

आमच्याकडे क्रेन नाही, पण बांध आहेत. बांधाखालच्या वावरात ट्रकच्या मागच्या चाकांपुरता उतार खणला, ट्रक मागे घेतला, फाळका उघडला. बांध आणि ट्रकचा हौदा एका पातळीत आले. मध्ये दोन जाड सागवानी फळ्या. ट्रॅक्टर पावणेदोन टनांच्या घरातला, त्यातला निम्म्याहून जास्त भार मागच्या चाकांवर. मिस्त्रींनी स्टिअरिंग दोराने सरळ बांधून टाकले, सीटवर कोणाला बसू दिले नाही, हौद्याच्या पुढच्या टोकाला चेनपुली अडकवली आणि सगळ्या गावाला साखळीच्या रेषेतून बाजूला काढले. "तुटली तर साखळी माणूस बघत न्हाय." मागे फक्त एक जण, तोही बाजूने, प्रत्येक वितीला चाकामागे उटी सरकवणारा. ते काम तात्यांनी मागून घेतले. पंच्याऐंशीव्या वर्षी, वाकून, कोणाचेही न ऐकता. मिस्त्रींनी एकदा त्यांच्याकडे पाहिले आणि पुली ओढायचा वेग निम्मा केला.

वर चढल्यावर ट्रॅक्टर मागच्या आसाच्या थोडा पुढे उभा केला, गिअरमध्ये टाकला, दोन्ही ब्रेकपेडल एकत्र अडकवून हँडब्रेक ओढला. चाकांपुढेमागे लाकडी ठोकळे खिळ्यांनी ठोकले. चार कोपऱ्यांना चार साखळ्या, त्या धुऱ्याला आणि सांगाड्याला. स्टिअरिंगच्या दांड्याला हात लावलेला मिस्त्रींना खपत नव्हता. वायरींना लागू नये म्हणून सायलेन्सरची नळी काढली, बॉनेट बांधले, मागे तांबडे फडके लावले. आजीचे कासरे हुकाला होते ते तसेच राहिले. मास्तर म्हणाला, एवढे बांधायला तो काय पळून जाणार आहे? आळेफाट्याला मिस्त्रींनी ट्रक थांबवून साखळ्या पाहिल्या तेव्हा दोन साखळ्या चांगल्या हातभर सैल झाल्या होत्या. टायर बसतात, बॉडी हलते, साखळी ढिली होते. मास्तरांनी मुकाट्याने उतरून पाना धरला आणि तिथून पुढे इतिहासातले एकही उदाहरण दिले नाही.

नाणेघाटात एक दगडी रांजण आहे. सातवाहनांच्या काळी त्यात जकात टाकत असे सांगतात. दोन हजार वर्षांनी आम्ही चाळकवाडीच्या टोलनाक्यावर उभे होतो. खिडकीतल्या पोराने मान बाहेर काढून वर पाहिले आणि विचारले, "प्रदर्शनाला चाललाय का?" तात्या केबिनमधून म्हणाले, "दवाखान्यात."

मंचरला दोन महिने लागले. लायनर, पिस्टन, रिंगा, क्लच प्लेट. बरेचसे सामान पुण्यात नाना पेठेत मिळाले, कारण आमच्यासारखी खुळी माणसे सगळ्या जिल्ह्यात आहेत. डिझेलच्या टाकीत खडी घालून ती तासभर हलवली तेव्हा तिच्यातून चहाच्या रंगाचे पाणी निघाले. रंगाच्या वेळी तात्यांनी एकच अट घातली. उजव्या मडगार्डवर त्यांचा हात ठेवून ठेवून तांबडा रंग उडून पत्रा गुळगुळीत झाला होता, तेवढ्या जागेला ब्रश लावायचा नाही. पेंटर फार हळहळला.

सुरू करायच्या दिवशी तिन्ही घरची माणसे आली. प्रत्येकाने स्वतंत्र नारळ आणला होता. मिस्त्रींनी पंपातली हवा काढली, हीटर तापवला, आणि तात्यांकडे पाहिले. तात्यांनी चपला काढल्या. स्टार्टर एकदा नुसताच कण्हला, दुसऱ्यांदा पांढरा धूर आला आणि तिसऱ्यांदा चारही सिलिंडर एकदम बोलू लागले. आवाज इतका होता की तात्या काय म्हणाले ते कोणाला ऐकू आले नाही. मी विचारले तर म्हणाले, "काय न्हाय. तिसरा अजून थोडा मागं हाय."

खरेच होता. मिस्त्रींनी नोझल बदलला.

आता ट्रॅक्टर चार-चार महिने तिघांकडे असतो. तिन्ही वस्त्या एकाच शिवारात, पण मध्ये डांबरी रस्ता आहे आणि कागद अजून व्हायचे आहेत, म्हणून दर पाळीला ट्रक येतो. येत्या दिवाळीनंतर पाळी मास्तरांची. त्यांनी आतापासूनच बांधाखाली ट्रकसाठी उतार खणून ठेवला आहे, आणि चार नव्या साखळ्या आणल्या आहेत, स्वतःच्या पैशाने.