पिशवी गढूळ आली त्या रात्रीपासून मागे जाताना

पोस्ट लांब आहे. ज्यांच्या घरी कोणी खाटेवर आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

आमच्या मोठेबाबांच्या दोन्ही किडन्या गेल्या. आपल्या खारपाणपट्ट्यात हे वाक्य कोणाला नवीन नाही. पाण्यामुळे, फवारणीमुळे की दुखण्याच्या गोळ्या मनाने खाल्ल्यामुळे, यावर जाणकारांत वाद आहे. पण संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या माणसाला विचाराल तर तो ओळखीतले दोन-चार किडनीवाले बोटावर मोजून दाखवील. वाण धरणावरची १४० गाव योजना झाली, गोडं पाणी आलं. पण आधीची पिढी तर खारं पाणी पिऊनच म्हातारी झाली.

आधी वर्षभर आठवड्यातून दोनदा अकोल्याला मशीनवर नेलं. एक दिवस मोठेबाबा म्हणाले, "लेकहो, मले आता गाडीत नोका टाकू." मग पोटाचं डायलिसिस घेतलं. पोटात कायमची नळी. दोन लिटरची पिशवी आत सोडायची, चार-पाच तास ठेवायची, काढायची, दुसरी सोडायची. दिवसातून तीन-चार वेळा, रोज, सणाला सुट्टी नाही. सुट्टी होताना सांगितलं गेलं, "काळजी नको, घरी सिस्टर येत राहील." पहिल्या महिन्यात दोनदा आली. नंतर फोन. नंतर फोनही नाही.

वहिनी कापणीला गेली तेव्हा शहरातल्या एका एजन्सीकडून पोरगा आणला, 'नर्सिंग झालेला' म्हणून. त्याने पंखा चालू ठेवून, मोबाइल धरलेल्या हातानेच नळी जोडली. तिसऱ्या रात्री वहिनीचा आवाज आला, "भाऊजी, पिशवी गढूळ दिसून राह्यली." बाहेर येणारं पाणी फिकट पिवळं आणि स्वच्छ पाहिजे. गढूळ म्हणजे पोटात जंतू गेले. तीन आठवडे अँटिबायोटिक चाललं. मोठेबाबा वाचले, पण माझ्या डोक्यात एक प्रश्न बसला: घरातल्या सेवेचा दर्जा आजवर कोणी पाहिलाच नाही का? म्हणून मागचं वाचत गेलो.

पहिली गोष्ट सापडली ती इंग्लंडातली. १८५९ साली लिव्हरपूलमध्ये विल्यम रॅथबोन नावाच्या व्यापाऱ्याची बायको वारली. तिची शेवटची शुश्रूषा मेरी रॉबिन्सन नावाच्या परिचारिकेने केली होती. त्याने तिलाच पगार देऊन गावातल्या गरिबांच्या घरी पाठवलं. तिथली दशा पाहून ती मला सोडवा म्हणाली. त्याने थांबवून धरलं. पुढे अशा शिकलेल्या बायाच मिळत नाहीत हे कळल्यावर त्याने फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा सल्ला घेतला आणि परिचारिका शिकवायची शाळा उभी केली. म्हणजे चांगल्या मनाची बाई पाठवून भागत नाही, आधी शिकवावं लागतं, हे त्या माणसाला दीडशे वर्षांपूर्वी कळलं होतं.

आपल्या विदर्भातली जुनी आठवण सेवाग्रामची. संस्कृत पंडित परचुरे शास्त्री यांना कुष्ठरोग झाला. १९३९ साली ते आश्रमात आले आणि गांधीजींनी त्यांना आपल्या कुटीजवळ ठेवून घेतलं. रोज स्वतः त्यांच्या अंगाला मालिश करत. या गोष्टीचा फोटो आपण भिंतीवर लावला. त्यागाचं कौतुक झालं, पण गावोगावच्या रोग्याला तशी सेवा कोण देणार हा प्रश्न तसाच राहिला. आजही आपण सेवा करणाऱ्या सुनेला 'पुण्य लागेल' म्हणतो आणि बाहेर जाऊन बसतो.

ज्यांनी हा प्रश्न हिशोबाने सोडवला ते डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग. गडचिरोलीत 'सर्च' ही त्यांची संस्था. तिथे हजार जन्मांमागे साठच्या वर बाळं पहिल्या महिन्यात जात. जन्म घरीच, दवाखाना लांब, आणि बाळंतिणीला सव्वा महिना बाहेर काढायचं नाही. १९९५ पासून त्यांनी ३९ गावांत पाचवी ते दहावी शिकलेल्या बाया निवडल्या, त्यांना आरोग्यदूत केलं. बाळाचं वजन, ताप, श्वास मोजायचा. जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर इंजेक्शनसुद्धा द्यायचं. तेव्हा कित्येक डॉक्टरांना हे वेडेपण वाटत होतं.

१९९९ च्या डिसेंबरात 'लॅन्सेट'मध्ये निकाल छापून आला. त्या ३९ गावांत नवजात बाळं दगावण्याचं प्रमाण हजारी ६२ वरून २५ च्या घरात आलं. शेजारच्या, तुलनेला ठेवलेल्या गावांत ते तसंच राहिलं. सगळे या आकड्यांवर थांबतात. मला त्यातली दुसरीच गोष्ट मोठी वाटते. दर पंधरा दिवसांनी एक डॉक्टर त्या गावात जायचा, पण उपचार करायला नाही. आरोग्यदूत बाईने काय लिहिलं, काय मोजलं, कुठं चुकली हे तपासायला. बाई एकटी नव्हती. तिच्या मागे कोणीतरी वही उघडून पाहणारं होतं.

हेच पुढे देशभर गेलं. २००५ ला ग्रामीण आरोग्य अभियान आलं, आशाताई आल्या. २०११ पासून बाळाच्या घरी ठरलेल्या भेटी सुरू झाल्या: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, बेचाळिसावा दिवस, आणि बाळंतपण घरी झालं तर पहिल्या दिवशीही. सगळ्या भेटींचे मिळून आशाताईला अडीचशे रुपये. (अडीचशे! आपण लग्नात पाकिटात टाकतो तेवढे.) तरी भेटीचा दिवस ठरलेला, फॉर्म ठरलेला, वर गटप्रवर्तक.

आता मोठेबाबांकडे या. बाळासाठी जे सरकारला जमलं, ते पोटात नळी असलेल्या, लघवीची पिशवी लावलेल्या, नाकातून अन्न घेणाऱ्या माणसासाठी का झालं नाही? कागदावर तर आहे. २०१८ पासूनच्या आयुष्मान आरोग्य केंद्रांच्या बारा सेवांत म्हाताऱ्यांची आणि वेदनाशामक सेवा धरलेली आहे. घरच्या पोटाच्या डायलिसिससाठी केंद्र सरकारने २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. पण आमच्या घरी ठरलेल्या दिवशी येणारं माणूस अजून आलेलं नाही. आशाताई येते, चांगली आहे, पण तिला या नळीचं कोणी शिकवलेलंच नाही. तिला दोष कसा द्यायचा?

आणि एजन्सीचं काय? आपल्या राज्यात दवाखान्यांची नोंदणी होते ती १९४९ च्या नर्सिंग होम कायद्याने. तो कायदा इमारत पाहतो, जिथे रोगी ठेवतात ती जागा. रोगी स्वतःच्याच घरी असेल तर तपासायचं काय? परिचारिकेची कौन्सिलकडे नोंद असते. 'अटेंडंट' म्हणून येणाऱ्या पोराची कुठेच नाही. त्याच्या हातून चूक झाली तर आपण जास्तीत जास्त पैसे परत मागू शकतो. आम्ही मागितले, मिळाले नाहीत, ते जाऊ द्या.

केरळचं उदाहरण जवळचं आहे. १९९३ ला कोळिकोडला वेदनाशामक सेवेची संस्था सुरू झाली, मग मलप्पुरमकडे शेजाऱ्यापाजाऱ्यांचं जाळं उभं राहिलं, आणि २००८ ला सरकारने धोरणच केलं. तिथे पंचायतीच्या पैशातून शिकलेली नर्स खाटेवरच्या माणसाच्या घरी जाते, नळी बदलते, जखम पाहते. पंचायतीच्या पैशातून, बरं का. आपल्या ग्रामसभेत मी हा विषय काढला तर आधी हसले, मग एकजण म्हणाला, "भाऊ, नालीचं बोल."

नालीचं बोलूच. पण आपल्या वरवट बकालला ग्रामीण रुग्णालय आहे. तालुक्यात पोटाच्या डायलिसिसवर, लकव्यावर, नळ्यांवर किती माणसं आहेत याची यादी गावनिहाय करायला आशाताईंना फार तर पंधरा दिवस लागतील. यादी झाली की महिन्यातून एकदा एक शिकलेली नर्स, ठरलेली तारीख. मी एवढंच लेखी मागणार आहे. सोबत सह्या करणारे पाहिजेत.

दरम्यान वहिनीने स्वतःच वही घातली आहे. तारीख, वजन, बीपी, किती लिटर आत, किती बाहेर, रंग कसा, नळीच्या तोंडाशी लाली आहे का. वरती लाल पेनाने लिहिलंय: पंखा बंद, दार बंद, तोंडाला मास्क, साबणाने हात. सात महिने झाले, एक दिवस चुकला नाही. शेवटचा रकाना तिने 'तपासणाऱ्याची सही' असा आखला होता. तो कोराच आहे. कोणाला आपल्या घरासाठी पान उतरवून घ्यायचं असेल तर सांगा, फोटो पाठवतो.