दोन इंच खाली: गाडी 'लो' करण्याची गोष्ट

आजच्या भागात राजे नाहीत, लढाया नाहीत, तहसुद्धा नाहीत. आज एका स्प्रिंगची गोष्ट आहे.

रील्स बघताना तुम्हाला हे दिसलंच असेल. चांगली उंचपुरी एसयूव्ही, पण अशी बसवलेली की टायर आणि मडगार्डच्या मध्ये बोट जाणार नाही. बघणारे दोन प्रकारचे. एक म्हणतो, "काय बसलीय राव गाडी!" दुसरा म्हणतो, "खालीच आणायची होती तर एसयूव्ही घेतली कशाला?"

हा वाद सत्तरएक वर्षं जुना आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. गाडी किती खाली आली यापेक्षा ती कोणी खाली आणली, हे बघून लोकांनी निकाल दिलेत. फिजिक्सला मात्र गाडीचा मालक कोण आहे याच्याशी काही देणंघेणं नाही.

तर चला, लॉस एंजेलिसला. दुसरं महायुद्ध संपलंय. शहराच्या पूर्व भागात मेक्सिकन वंशाच्या लोकांची मोठी वस्ती आहे. त्यातले कितीतरी तरुण अमेरिकेच्या बाजूनं लढून परत आलेत. हातात थोडे पैसे आहेत आणि सेकंडहँड शेवरोले स्वस्तात मिळतायत. त्याच काळात कॅलिफोर्नियात हॉट रॉडचं वेड होतं. जुनी गाडी हलकी करायची, इंजिन तगडं करायचं आणि सुसाट सोडायची. या पोरांनी नेमका उलटा रस्ता धरला. गाडी जमिनीलगत आणायची, रंग आरशासारखा चकचकीत करायचा, आणि सुट्टीच्या संध्याकाळी भर रस्त्यावरून वरातीच्या चालीनं न्यायची. त्यांच्या स्पॅनिशमध्ये यासाठी एक झकास म्हणणं आहे, 'बाहितो ई सुआवेसितो'. म्हणजे खाली आणि निवांत. अशा गाड्यांना आणि त्या चालवणाऱ्यांना नाव पडलं 'लोरायडर'.

गाडी खाली आणायची कशी? सुरुवातीचे उपाय अगदी आपल्याकडच्यासारखे जुगाडू. डिकीत वाळूची पोती टाकायची. कोणी स्प्रिंगची वेटोळी कापली, कोणी ती तापवून दाबली, कोणी मागच्या पाट्यांच्या आणि ॲक्सलच्या मध्ये ठोकळे घातले.

मग कायदा आला. १९५०चं दशक संपत असताना कॅलिफोर्नियानं नियम केला की बदल केलेल्या गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली असता कामा नये. कारण सुरक्षिततेचं, आणि ते अगदी खोटंही नव्हतं. टायर फुटला तर गाडीचं पोट थेट रस्त्यावर घासणार. पण पोलिसांची टेप कोणाच्या गाडीखाली जायची, हे त्या वस्तीतल्या पोरांना चांगलं ठाऊक होतं.

यावरचं उत्तर भन्नाट होतं. रॉन अगिरे नावाच्या तरुणाकडे १९५७ची कॉर्व्हेट होती, नाव 'एक्स-सॉनिक'. १९५९च्या सुमारास त्यानं तिला हायड्रॉलिक्स बसवलं, म्हणजे तेलाच्या दाबावर वर-खाली होणारी यंत्रणा. पंप कुठले? विमानांचे, युद्धानंतर भंगारात निघालेले. आता पोलीस दिसला की बटण दाबा, गाडी कायद्याच्या उंचीवर. पोलीस वळला की पुन्हा बटण, गाडी खाली. लोरायडर नाचताना तुम्ही व्हिडिओत बघता ना, त्या नाचाचा जन्म पोलिसांना चकवण्यातून झालाय!

१९५८मध्ये शेवरोलेनं इम्पाला आणली आणि लोरायडर मंडळींना त्यांची लाडकी गाडी मिळाली. तिची चॅसी इंग्रजी एक्स अक्षराच्या आकाराची होती, बाजूचे रूळ नव्हते, त्यामुळे ती खाली बसवणं सोपं जायचं. १९६४च्या इम्पालावर तर लोकांनी आयुष्यभराची कमाई ओतली. व्हिटियर बुलेव्हार्ड हा रस्ता म्हणजे त्यांची जत्राच. १९७९मध्ये तिथलं हे संध्याकाळचं फिरणं पोलिसांनी बंद पाडलं. पुढे बऱ्याच शहरांनी 'क्रूझिंग'वरच बंदी घातली. म्हणजे एकाच रस्त्यावरून पुन्हापुन्हा गाडी फिरवणं हा गुन्हा.

आता घड्याळ पुढे घ्या. २०१७ साली 'जिप्सी रोझ' नावाची गुलाबी, फुलांनी रंगवलेली १९६४ची इम्पाला वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर काचेच्या पेटीत मांडली गेली, राष्ट्राचा वारसा म्हणून. आणि ऑक्टोबर २०२३मध्ये कॅलिफोर्नियानं क्रूझिंगबंदी आणि तो रिमचा नियम, दोन्ही रद्द केले. अंमल १ जानेवारी २०२४पासून. ज्या गाडीसाठी आजोबांनी दंड भरला, ती नातू आता राजरोस चालवतो.

ही झाली दिसण्याची बाजू. आता रोड हँडलिंग, आणि इथे एसयूव्हीची एंट्री होते.

एक सोपं गणित सांगतो. गाडी वळणावर उलटायला किती सहज तयार होते, याचा ढोबळ अंदाज एका भागाकारात मिळतो. डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतराचा निम्मा भाग घ्या, त्याला गुरुत्वमध्याच्या उंचीनं भागा. समजा चाकांमधलं अंतर १५० सेंटिमीटर आणि गुरुत्वमध्य ७० सेंटिमीटरवर. ७५ भागिले ७० म्हणजे १.०७. तोच गुरुत्वमध्य ४ सेंटिमीटर खाली आणला तर आकडा होतो १.१४. आकडा जितका मोठा, तितकी गाडी जमिनीला धरून. साध्या सेडानचा आकडा साधारण १.३च्या पुढे असतो. एसयूव्ही मागे का पडते, ते कळलं?

कंपन्यांनाही हे कळत होतंच. १९९२मध्ये जीएमसीनं 'टायफून' काढली. खाली आणलेली, टर्बो व्ही-सिक्स इंजिनाची, २८० हॉर्सपॉवरची एसयूव्ही. दोन वर्षांत पाच हजारसुद्धा बनल्या नाहीत. तेव्हा लोकांना एसयूव्ही उंचच हवी होती.

मग २००० साल उजाडलं. अमेरिकेत फायरस्टोननं ६५ लाख टायर परत मागवले. टायरचा थर सुटायचा आणि गाडी उलटायची, आणि त्यातल्या बहुतेक गाड्या फोर्ड एक्सप्लोरर होत्या. अडीचशेहून जास्त माणसं गेली. फोर्ड म्हणे टायर वाईट, फायरस्टोन म्हणे गाडीच वाईट. पुढच्याच वर्षी अमेरिकन सरकारनं वर सांगितलेल्या त्या भागाकारावरून गाड्यांना उलटण्याचं रेटिंग द्यायला सुरुवात केली.

त्यानंतर चित्र बदलत गेलं. २००२च्या पोर्शे कायेनमध्ये एअर सस्पेन्शन घेतलं तर वेग वाढला की गाडी आपोआप खाली बसायची. २००६च्या शेवरोले ट्रेलब्लेझर एसएसला कंपनीनंच सुमारे इंचभर खाली आणलं. लोरायडर रिमच्याही खाली जायचे, कंपनी इंचभरच, हा फरक मी मान्य करतो. पण एकाला दंडाची पावती आणि दुसऱ्याला 'स्पोर्ट सस्पेन्शन' म्हणून जास्तीची किंमत, हे जरा आठवणीत ठेवा.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. जानेवारी २०१९मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की उत्पादकानं ठरवलेल्या मूळ तपशिलांपासून गाडी वेगळी होईल असा बदल चालणार नाही. बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

पण कायद्याच्याही आधी मी तुम्हाला फिजिक्सची भीती घालेन. "दोन वेटोळी उडवतो, हजारात काम," म्हणणारा मिस्त्री प्रत्येक गावात सापडतो. कापलेली स्प्रिंग कडक होते, पण तिला धावायला जागा उरत नाही. खड्ड्यात शॉकअप शेवटाला आपटतो. चाक हवेत लोंबलं तर स्प्रिंग जागेवरून निसटू शकते. अलाइनमेंट बिघडून टायर आतून झिजतात. म्हणजे कागदावर तो आकडा सुधारला आणि रस्त्यावर गाडीची पकड गेली. कंपनी इंचभर खाली आणते तेव्हा स्प्रिंग, शॉकअप, टायर सगळं जुळवून घेते, म्हणून ते जमतं. वर आपला स्पीडब्रेकर! नियमाप्रमाणे तो १० सेंटिमीटर उंच हवा. गावोगावचे स्पीडब्रेकर नियम वाचून बांधलेले नसतात, हे तुमच्या गाडीच्या पोटाला माहीत आहे.

मला लोरायडरवाल्यांचं एक फार आवडतं. गाडी खाली आणली तेव्हा त्यांनी वेगाचा हट्ट सोडला. आपली पोरं गाडी खाली आणतात आणि एक्सप्रेसवेवर १४० मारतात. 'बाहितो' उचललं, 'सुआवेसितो' विसरले.

तर निवांत चालवा. भेटू पुढच्या भागात!