विहिरीवरच्या आसरा

मागच्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब आटोपला आणि विषय निघाला साती आसरांचा. "भर दुपारी विहिरीत डोकावू नको, आसरा ओढून नेतील," हे आजीकडून ऐकलं नाही अशी एकही बाई आमच्या गटात निघाली नाही.

गोदावरी, पूर्णा, दुधनेच्या काठी, जुन्या विहिरींवर शेंदूर लावलेले सात दगड दिसतात, त्याच या आसरा. अप्सरा शब्दाचं हे रूप. पण इंद्राच्या दरबारातल्या नाचणाऱ्या त्या नव्हेत. या पाण्यातल्या सात बहिणी. ओटी भरली, हिरव्या बांगड्या वाहिल्या तर लेकरं सांभाळतात, रुसल्या तर धरतात. दा. ध. कोसंबी यांनी गावोगाव पायी फिरून अशा देवतांचा अभ्यास केला. त्यांचं पुस्तक 1962 मध्ये आलं.

आमच्या लहानपणी विहिरींना कठडे कुठे होते? कठड्याचं काम आजीची गोष्ट करायची. चकव्याचंही तसंच. रात्री फिरून फिरून त्याच बांधावर आलात तर चकवा लागला, खाली बसा, उजाडू द्या. अंधारात उघड्या विहिरीत पडण्यापेक्षा बसलेलं बरं की!

दूर आयर्लंड देशातही अशी खोडकर मंडळी आहेत. ती वाट चुकवतात, आणि तिथला उपाय म्हणजे अंगातला कोट उलटा करून घालायचा. हे ऐकून आमच्या बाया खूप हसल्या. पुढचं ऐकून मात्र गप्प झाल्या.

तिथे टिपरेरी भागात ब्रिजेट क्लिअरी नावाची बाई होती. शिलाई मशीनवर कपडे शिवायची, कोंबड्या पाळून अंडी विकायची, म्हणजे अगदी आपल्यासारखीच. 1895 मध्ये ती आजारी पडली. नवरा म्हणाला, ही माझी बायको नाही, पऱ्यांनी तिला नेऊन दुसरीच ठेवली. घरात माणसं असताना त्यानं तिला जाळलं. त्याला 20 वर्षांची शिक्षा झाली.

आपल्याकडेही बाई तापानं बडबडली की "आसरांनी धरलं" म्हणतात, आणि दवाखान्याआधी मांत्रिक येतो. भूत उतरवायच्या नावाखाली मारणं, मिरचीची धुरी देणं, कुणाला करणी करणारी ठरवून छळणं हा महाराष्ट्रात 2013 च्या कायद्यानं गुन्हा आहे. हे गटातल्या निम्म्या जणींना ठाऊक नव्हतं. आम्हालाही ते उशिराच कळलं.

म्हणून आजीच्या गोष्टी टाकून द्यायच्या का? आयर्लंडनं टाकल्या नाहीत. 1937 ते 1939 या काळात तिथल्या सुमारे 50,000 शाळकरी मुलांनी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून गोष्टी वहीत उतरवल्या. आम्हीही एक वही घातली आहे. दर बैठकीला एक आजी सांगते, शाळेतली नात लिहिते. आठ गोष्टी झाल्या, त्यातल्या पाच विहिरीच्या. एकीत तर आसरा बुडणाऱ्या पोराला काठावर आणून ठेवतात, वर त्याच्या आईलाच रागावतात.