गळाची दोरी, किनाऱ्यावरून फेकावयाची
गळाची दोरी, किनाऱ्यावरून फेकावयाची : समुद्रकिनाऱ्यावर उभे राहून लांब काठीच्या साहाय्याने आमिष लावलेला गळ व त्याचे शिशाचे वजन फुटणाऱ्या लाटांपलीकडे फेकण्यासाठी वापरण्यात येणारी, रिळावर गुंडाळलेली दोरी. होडीतून सोडलेल्या दोरीला मुख्यतः माशाचा ओढा सोसावा लागतो. किनाऱ्यावरील दोरीला त्यापूर्वीच फेकीचा हिसका सोसावा लागतो. दोरी जाड असल्यास फेक आखूड पडते आणि पाण्यातील प्रवाह दोरीसह वजनही जागचे हलवितो. ती बारीक असल्यास हिसक्याने तुटते. बळकटी व बारीकपणा या परस्परविरोधी गरजांचा मेळ घालण्याच्या प्रयत्नांतून या दोरीचा विकास झाला आहे.

इतिहास : प्रारंभी दोरी काठीच्या टोकालाच बांधीत. ईलियन या रोमन लेखकाने (सु. १७५–२३५) मॅसिडोनियातील मासेमारीचे वर्णन करताना काठी व दोरी या दोहोंची लांबी सहा फूट सांगितली आहे. वेस्टमिन्स्टर येथे १४९६ मध्ये छापल्या गेलेल्या गळमासेमारीवरील इंग्रजी प्रबंधात घोड्याच्या शेपटीच्या केसांची दोरी वळण्याची व रंगविण्याची कृती दिलेली असून माशागणिक केसांची संख्याही ठरवून दिली आहे : मिनो या चिमुकल्या माशासाठी एक, तर सॅमनसाठी पंधरा. केसांचे तुकडे गाठींनी जोडावे लागत. त्यामुळे अशी दोरी काठीवरील कड्यांतून सुरळीत धावत नसे. रिळाचे चित्रण चीनमध्ये बाराव्या-तेराव्या शतकांपासून आढळते; इंग्लंडमध्ये त्याचा उल्लेख टॉमस बार्कर याच्या १६५१ मधील पुस्तकात आहे. अठराव्या शतकात रेशमाच्या किड्याच्या ग्रंथी शिर्क्यात भिजवून व ताणून काढलेली तात प्रचारात आली. स्पेनमधील मूर्सिया हा प्रांत तिच्यासाठी प्रसिद्ध होता. तिचा धागा जेमतेम हातभर लांब निघे. म्हणून तिचा उपयोग गळाजवळच्या भागापुरताच होई.

दूरवर फेकण्यास योग्य अशी अखंड दोरी अळशीच्या तंतूंपासून (लिननपासून) मिळाली. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मॅसॅचूसेट्सच्या किनाऱ्याजवळील कटीहंक बेटावर १८६४ मध्ये धनिकांचा एक मासेमारी क्लब स्थापन झाला. त्याचे सभासद खडकांपुढे उभारलेल्या लाकडी मचाणांवरून पट्टेदार बास मासे पकडीत. या बेटावरून अशा पिळाच्या लिनन दोरीला ‘कटीहंक’ हेच नाव पडले. तिची बळकटी धाग्यांच्या संख्येवरून मोजीत. ओल्या स्थितीत एका धाग्यामागे सु. ३ पौंड (सु. १·४ किग्रॅ.) धरीत. अळशीचा तंतू भिजल्यावर अधिक बळकट होतो, हा तिचा मोठा गुण होता. मात्र प्रत्येक वापरानंतर ती गोड्या पाण्यात धुऊन वाळवावी लागे. न वाळविल्यास कुजून ऐन वेळी तुटे. शिवाय फेकीच्या वेळी रिळाचा दंडगोल दोरीपेक्षा वेगाने फिरल्यास तिचा गुंता होई. तो टाळण्यासाठी दंडगोल अंगठ्याने दाबून धरावा लागे व त्यासाठी अंगठ्यावर चामड्याचे टोपण चढवीत.

गुंत्याच्या या अडचणीवर कापडधंद्यातून उपाय निघाला. इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड येथील कापड-कारखानदार आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ याने १९०५ मध्ये स्थिर फिरकीच्या रिळाचे एकस्व (पेटंट) घेतले. गिरणीतील चात्यावरून सूत उलगडावे, तशी यातील दोरी न फिरणाऱ्या फिरकीच्या कडेवरून सुटते. परंतु या रिळाला साजेशी बारीक, गुळगुळीत व न कुजणारी दोरी त्या वेळी उपलब्ध नव्हती.

नायलॉनचे संश्लेषण १९३५ मध्ये ड्यू पाँट कंपनीत वॉलेस कॅरदर्स यांच्या संशोधनातून झाले आणि १९३८ मध्ये ते जाहीर करण्यात आले [→ तंतु, कृत्रिम]. १९३९ पासून त्याची एकतंतू दोरी बाजारात आली. प्रारंभीची दोरी ताठर होती. १९५०–६० या दशकाच्या अखेरीस ती पुरेशी लवचिक झाली व तिने लिननला मागे टाकले. नायलॉन कुजत नाही व ताणले जाऊन हिसका शोषते. मात्र पाणी शोषल्याने त्याची बळकटी थोडी घटते आणि जंबुपार किरणांनी ते कालांतराने ठिसूळ होते. जपानमध्ये १९७१ मध्ये फ्ल्युओरोकार्बन दोरी तयार झाली. तिचा प्रणमनांक (सु. १·४२) नायलॉनपेक्षा पाण्याच्या प्रणमनांकाला (१·३३) अधिक जवळ असल्याने ती पाण्यात कमी दिसते. १९९० नंतर उच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलिनाच्या तंतूंची विणीव दोरी प्रचारात आली. तेवढ्याच बळकटीच्या नायलॉनपेक्षा ती बरीच बारीक असते व जवळजवळ ताणली जात नाही. त्यामुळे माशाची हलकी ओढही काठीवर जाणवते. तथापि हिसका शोषला जात नाही आणि खडकावर घासल्यास ती लवकर तुटते.

निवड : एकाच पदार्थाने सर्व गरजा भागत नाहीत, म्हणून दोरी दोन भागांची करणे हाच उपाय सर्वमान्य झाला. रिळावर सु. ०·३५ मिमी. व्यासाची, सु. १५ पौंडांपर्यंत (सु. ७ किग्रॅ.) ताण सोसणारी मुख्य दोरी भरतात. तिच्या टोकास जाड अग्रदोरी जोडतात. तिची लांबी अशी ठेवतात की, फेकीच्या वेळी तिचे काही वेढे रिळावर राहून जोडाची गाठही रिळावरच असावी. वजनाच्या प्रत्येक औंसामागे १० पौंड बळकटी, हा अग्रदोरीचा रूढ नियम आहे, म्हणजे ५ औंस (सु. १४० ग्रॅ.) वजनासाठी किमान ५० पौंडांची दोरी लागते. नियम कडक असण्याचे कारण उघड आहे. फेकीच्या शेवटच्या क्षणी दोरीवर वजनाच्या कित्येक पट ताण येतो व ती तुटल्यास शिशाचा गोळा बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. तो कोणत्या दिशेने जाईल याचा भरवसा नसल्याने किनाऱ्यावरील माणसांच्या जिवावर बेतू शकते. वाळूच्या मोकळ्या किनाऱ्यावर बारीक मुख्य दोरी चालते. खडकाळ तळ व समुद्रशैवल असलेल्या ठिकाणी फेकीचे अंतर सोडून जाड दोरी पत्करावी लागते.

कोकण किनाऱ्यावर खडकांवरून गरवण्यासाठी काठीविना हातानेच भिरकावयाची नायलॉनची दोरीही वापरतात; तिला तंगूस म्हणतात. लिननची दोरी कुजत असे, हा तिचा दोष मानला जाई. नायलॉन कुजत नाही, हा त्याचा गुण आता दोष ठरला आहे. किनाऱ्यावर टाकून दिलेली दोरी दीर्घकाळ टिकून राहते व तीत समुद्रपक्षी आणि कासवे अडकून मरतात. त्यामुळे निकामी दोरी गोळा करून परत नेणे, हाही आता मासेमारीच्या शिस्तीचा भाग मानला जातो.